आठवड्यानंतरची परीक्षा : दुपारची झोप आणि स्मरण

मे महिन्यातला पहिला रविवार, दुपारचे दोन. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी नीटचा पेपर याच दिवशी, याच ठोक्याला सुरू झाला. लातूर-नांदेडात त्या वेळी पारा चाळिशीच्या वर असतो, रस्ते ओस पडलेले असतात आणि एरवी घरोघरी जेवणं उरकून माणसं पंख्याखाली आडवी झालेली असतात. माणसाच्या शरीराला चोवीस तासांत दोनदा झोपेची ओढ लागते. एक मध्यरात्रीनंतरची, तिच्याबद्दल कुणाचाच वाद नाही. दुसरी दुपारी एक ते चारच्या दरम्यानची. ती पोटभर जेवणामुळे येते असं आपण धरून चालतो, पण ती न जेवताही येते. तिचा उगम शरीराच्या घड्याळात आहे, जेवण तिला फक्त जड करतं. डॉक्टर व्हायला निघालेल्या मराठवाड्यातल्या हजारो मुलामुलींची दोन वर्षांची मेहनत मोजली जाते ती या ओढीच्या ऐन भरात.

या पुस्तकाचा विषय ती दुपार आहे. दिवसा घेतलेल्या झोपेचा शिकण्यावर आणि शिकलेलं लक्षात राहण्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. पण गेल्या शंभर वर्षांत त्याच्याभोवती एक भरभक्कम अभ्यासक्षेत्र उभं राहिलं आहे. मानसशास्त्र, मेंदूविज्ञान, शरीरक्रियाशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि अलीकडे अर्थशास्त्रसुद्धा त्यात उतरलं आहे. मराठी वाचकाला या क्षेत्रात घेऊन जायचं तर ते नांदेड-लातूरच्या वाटेने जावं, असं मला मनापासून वाटतं. पाठांतर, सराव, चाचणी आणि निकाल यांच्याभोवती अख्ख्या शहराचा दिनक्रम फिरतो अशी गावं महाराष्ट्रात फार नाहीत. लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर भागात दुपारी फिरून यावं. क्लासेसचे फलक, मेसच्या पाट्या, झेरॉक्सची दुकानं आणि जिथे तिथे अभ्यासिका. प्लायवूडच्या आडोशांचे कप्पे, प्रत्येकाला नंबर, एक दिवा, एक चार्जिंग पॉइंट, भिंतीवर आवर्तसारणी, आणि बहुतेक ठिकाणी एक सूचना: येथे झोपू नये.

या कप्प्यांत बसणाऱ्या कुणाचीही वही उघडून पाहावी. दुपारी अडीचच्या सुमाराला लिहिलेली ओळ ओळखू येते. सुरुवातीला अक्षर गोल, नेटकं असतं. मग शब्दांमधलं अंतर वाढतं, अक्षर रेघ सोडून खाली घसरतं, आणि शेवटी पेनाची एक लांब रेघ पानाच्या कडेपर्यंत ओढली जाते. त्या रेघेच्या वेळी मुलगा झोपलेला होता, काही सेकंदच, पण झोपलेला. अशा क्षणिक झोपेत डोळे उघडे असले तरी मेंदू बाहेरचं काही आत घेत नाही. म्हणजे ‘येथे झोपू नये’ या सूचनेखाली झोप होतेच. फक्त ती शरीराला विसावा देण्याइतकी खोल नसते आणि आठवणीला उपयोगी पडण्याइतकी लांबही नसते. तेवढ्यात गावाकडून आईचा फोन येतो, “अभ्यास करायलास का झोपायलास?” मुलगा डोळे चोळत सांगतो की अभ्यास करायलोय. या प्रश्नातच आपली समजूत दडलेली आहे: अभ्यास आणि झोप ही दोन टोकं, एकीतला वेळ दुसरीतून वजा होतो. पुढची सगळी प्रकरणं या समजुतीच्या विरोधात साक्ष देतात.

ही साक्ष थोडी मागून सुरू करतो. १८८५ साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती वेळात किती विसरतात याची मोजदाद प्रसिद्ध केली. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि मग मंदावतो, हे त्याने दाखवलं. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी त्याच मोजणीत झोप आणली. त्यांचे प्रयोगार्थी होते दोनच विद्यार्थी. दहा-दहा अक्षरगट पाठ करायचे, मग कधी जागं राहायचं, कधी झोपायचं आणि एक, दोन, चार, आठ तासांनी आठवायचं. आठ तास जागं राहिल्यावर दहातला जेमतेम एखादा गट आठवे. आठ तास झोपल्यावर पाच-सहा आठवत. दोन मुलांवरचा प्रयोग आज कुठल्याही नियतकालिकात छापून येणार नाही, पण त्याचा निष्कर्ष शंभर वर्षं टिकला.

टिकला, तरी त्याचा अर्थ बदलला. जेन्किन्स-डॅलनबाख यांना वाटलं, झोपेत नवं काही कानावर पडत नाही म्हणून जुनं पुसलं जात नाही. झोप म्हणजे केवळ निवारा. १९५३ मध्ये अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप शोधून काढली आणि झोपेत मेंदू स्वस्थ बसत नाही हे उघड झालं. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूतल्या पेशींची नोंद घेतली. दिवसा एखाद्या जागेत फिरताना ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेतत होत्या. उंदीर झोपला होता आणि त्याचा मेंदू दिवसाची उजळणी करत होता. इथून पुढे झोपेकडे निवारा म्हणून पाहणं मागे पडलं. झोप हे काम ठरलं.

हे काम कसं चालतं ते एका प्रकरणात सविस्तर आलं आहे. इथे फक्त चित्र डोळ्यांसमोर आणतो. लातूरच्या मोंढ्यात हंगामात तूर आणि सोयाबीनची आवक होते. माल आधी आडतीसमोरच्या ओट्यावर उतरतो. ओटा मर्यादित असतो. सौदे होऊन, वजन होऊन पोती गोदामात गेली नाहीत तर दुसऱ्या गाड्यांना जागा उरत नाही, आणि उघड्यावरचा माल खराब होतो तो वेगळाच. मेंदूत हिप्पोकॅम्पस हा नव्या माहितीचा ओटा आहे आणि बाहेरचं विस्तीर्ण प्रमस्तिष्क हे गोदाम. नवी माहिती हिप्पोकॅम्पसमध्ये झटपट उतरते, पण तिथे ती कच्ची असते. गाढ झोपेत मेंदूतून मोठ्या, संथ विद्युतलहरी जातात. त्यांच्या जोडीला स्पिंडल नावाच्या जलद लहरींचे छोटे झुबके येतात, आणि त्या तालावर कच्ची नोंद पुन्हा पुन्हा जागवून पक्क्या जागी बसवली जाते. दुपारच्या अर्ध्या तासाच्या झोपेतही स्पिंडल भरपूर येतात. त्यामुळे छोट्या झोपेचे दोन फायदे होतात. सकाळी शिकलेलं पक्कं व्हायला लागतं आणि संध्याकाळच्या शिकण्यासाठी जागा मोकळी होते. दुसऱ्या फायद्याकडे आपलं लक्ष फार कमी जातं. सकाळी सहाच्या बॅचपासून सलग शिकणाऱ्या मुलाला संध्याकाळी सहाच्या तासाला ‘डोक्यात काहीच शिरत नाही’ असं वाटतं, तेव्हा तो आपल्या बुद्धीला दोष देतो. दोष बुद्धीचा नसतो.

केवळ दुपारच्या झोपेवरचे प्रयोग गेल्या दोन-अडीच दशकांत वाढले. २००३ मध्ये सारा मेडनिक आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये दाखवलं की नजरेने सूक्ष्म फरक ओळखण्याच्या एका कामात तास-दीड तासाची दुपारची झोप रात्रभराच्या झोपेइतकी सुधारणा घडवते, मात्र त्या झोपेत गाढ टप्पा आणि स्वप्नांचा टप्पा दोन्ही यायला हवेत. २००६ मध्ये मॅथ्यू टकर आणि सहकाऱ्यांनी शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या आणि सोबत आरशात पाहून आकृती गिरवायला सांगितली. स्वप्नांचा टप्पा नसलेल्या छोट्या झोपेनंतर शब्दजोड्या जास्त आठवल्या, हाताच्या कौशल्यात फरक पडला नाही. म्हणजे झोपेचा फायदा सरसकट नसतो. काय शिकलात आणि कोणती झोप घेतलीत, यावर तो ठरतो. २००८ मध्ये जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फ इथल्या संशोधकांनी तीस विशेषणांची यादी देऊन पाहिली. जेमतेम सहा मिनिटांच्या झोपेनंतरही जागं राहणाऱ्यांपेक्षा आठवण सरस ठरली. लहान मुलांमध्ये हे आणखी ठळक दिसतं. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रेबेका स्पेन्सर यांच्या गटाने बालवाडीतल्या मुलांना चित्रांच्या पत्त्यांची जागा लक्षात ठेवायला लावली. ज्या दिवशी दुपारची झोप चुकली त्या दिवशीचं नुकसान रात्रीच्या झोपेनेही भरून आलं नाही. आपल्या अंगणवाड्यांनी हा निष्कर्ष भिंतीवर लिहून ठेवावा इतका तो मोलाचा आहे.

पण नीटच्या मुलांसाठी सगळ्यात जवळचा प्रयोग सिंगापूरचा आहे आणि त्यापाशी थोडं थांबायला हवं. २०१९ मध्ये ड्यूक-एनयूएस वैद्यकीय महाविद्यालयातल्या मायकेल ची यांच्या प्रयोगशाळेने तो प्रसिद्ध केला. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मुंग्या आणि खेकडे यांच्या वेगवेगळ्या जातींची माहिती शिकवली: रूप, आहार, राहण्याची जागा, वागणं. अकरावीच्या जीवशास्त्रात संधिपाद प्राण्यांचा भाग ज्यांनी पाठ केला आहे, त्यांना हे साहित्य ओळखीचं वाटेल. एक तास वीस मिनिटं शिकवल्यावर तासाभराची सुट्टी दिली. त्या तासात एका गटाने झोप घेतली, दुसऱ्याने आराम करत चित्रपट पाहिला, तिसऱ्याने तीच माहिती पुन्हा घोकली. मग सगळ्यांना उरलेला भाग शिकवला आणि शेवटी परीक्षा घेतली. त्या दिवशीच्या परीक्षेत झोपलेले आणि घोकणारे, दोघेही चित्रपट पाहणाऱ्यांच्या पुढे होते. इथे थांबलो असतो तर म्हणालो असतो, झोपा किंवा घोका, सारखंच. पण एका आठवड्याने पुन्हा परीक्षा घेतली. घोकणाऱ्यांचा फायदा आता ठळक उरला नव्हता. झोपलेल्यांचा उरला होता.

हा आठवडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो लातूरच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १९७० साली लातुरात राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झालं. डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे संस्थापक प्राचार्य. पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच झाले. शाहू महाविद्यालयात आणि त्याच्याबरोबर दयानंद महाविद्यालयात जी शिस्त घडत गेली तिला पुढे महाराष्ट्राने ‘लातूर पॅटर्न’ म्हटलं. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग प्रश्नपत्रिकांमागून प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या, त्या तपासून परत द्यायच्या, जिथे मूल अडलं तो भाग पुन्हा शिकवायचा, पुन्हा चाचणी. पुण्या-मुंबईत तेव्हा या पद्धतीला घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडली गेली. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत दुष्काळी भागातल्या मुलांची नावं झळकू लागली तरी ती कुजबुज थांबली नाही.

विज्ञानाने लातूरचा पक्ष उचलून धरला तो पुष्कळ नंतर. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत लिहून पाहणारे पुढे गेले. म्हणजे चाचणी हे फक्त मोजमाप नसतं. आठवून पाहण्याच्या खटपटीतच आठवण घट्ट होते. लातूरच्या प्राध्यापकांनी अनुभवाने गाठलेला हा नियम होता. आता दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी ठेवावेत. दोन्हींत आजचा निकाल फसवतो आणि आठवड्याचा निकाल खरं सांगतो. वारंवार चाचणी घेण्यात लातूरने आठवड्याचा विचार केला. झोपेच्या बाबतीत मात्र आपण अजून पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेवरच विसंबलो आहोत. मुलगा दुपारी झोपला तर एक तास गेला एवढंच आपल्याला दिसतं, कारण गेलेला तास त्याच दिवशी दिसतो आणि कमावलेला पुढच्या सोमवारी. लातूर पॅटर्नचा अर्धा भाग पक्का आहे. उरलेला अर्धा पुरा करायचं काम या पिढीचं आहे, हे माझं ठाम मत आहे.

यावर क्लासमधले सर लगेच म्हणतील, मग रात्री झोपावं, दिवसा कशाला? आक्षेप योग्य आहे. रात्रीच्या झोपेला पर्याय नाही आणि या पुस्तकात कुणीही तसा दावा केलेला नाही. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, ही झोपेच्या डॉक्टरांची शिफारस आहे. पण त्या मुलांची रात्र जरा जवळून पाहा. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, अकरा-साडेअकराच्या आधी डोळा लागत नाही, आणि बॅच असते सकाळी सहा-सातला. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तीन-चार जण, रात्री एक वाजला तरी भिंत हाताला चटका देते, कूलरमध्ये पाणी नसतं किंवा वीज नसते. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, लातूर बालाघाटच्या पठारावर, त्यामुळे लातूरची रात्र थोडी सुसह्य. पण लातूरला पाण्याची चिंता. २०१६ च्या टंचाईत मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हे शहर. नळाला किंवा टँकरला पाणी अवेळी आलं की घरात कुणालातरी उठावं लागतं. एप्रिल-मे मध्ये, म्हणजे नेमक्या शेवटच्या उजळणीच्या दिवसांत, मुलांची रात्र अशी तुटक होते.

आपल्या परिस्थितीशी जुळणारा एक मोठा भारतीय प्रयोग आता उपलब्ध आहे, तोही अर्थशास्त्रज्ञांनी केलेला. चेन्नईत कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमधल्या ४५२ जणांना संगणकावर माहिती भरण्याचं काम देऊन त्यांच्या झोपेची मोजणी केली गेली. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही माणसं रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत, पण प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांची, तीही तुकड्या-तुकड्यांची. कारणं आपल्या ओळखीचीच आहेत: उकाडा, आवाज, डास, दाटी. संशोधकांनी रात्रीची झोप सरासरी सत्तावीस मिनिटांनी वाढवली. कामात काही फरक पडला नाही. मात्र कामाच्या ठिकाणी, शांत जागेत दुपारी अर्धा तास झोपू दिल्यावर काम करण्याची क्षमता, लक्ष आणि मनाची उभारी, तिन्ही वाढलं. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तो अर्धा तास कामच करत बसलेल्यांची त्या दिवसाची कमाई झोपणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. झोपेची किंमत असते आणि गरिबाला ती रोख मोजावी लागते. विद्यार्थ्याची कमाई मात्र त्या दिवसाच्या हजेरीत मोजायची नसते.

किंमत कोण मोजतं हा प्रश्न आला की मला मुली आठवतात. होस्टेलवरच्या मुलीला दुपार थोडीफार स्वतःची असते. जी मुलगी घरी राहून तयारी करते तिची दुपार भांडी, धाकटा भाऊ, पाणी भरणं आणि आलेल्या-गेलेल्याचा चहा यांत जाते. भाऊ ‘अभ्यास करून दमलाय’ म्हणून झोपू शकतो. बहीण झोपली तर घरात बोलणं होतं. दुपारच्या झोपेवरच्या कुठल्याही पाहणीत हा भेद मोजला नाही तर ती पाहणी अपुरी आहे, असं मी या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

दिवसा झोपणाऱ्याला आळशी ठरवण्याची सवय आपल्यात जुनी आहे. मुंजीत बटूला करायच्या उपदेशात दिवसा झोपू नये हेही सांगितलेलं असतं. आयुर्वेदानेही दिवसाची झोप साधारणपणे निषिद्ध मानली. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानात या नियमाचे अपवाद दिलेले आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. उन्हाळ्यात रात्र लहान असते आणि शरीर शोषलं जातं, म्हणून त्या ऋतूत दिवसा झोपायची मुभा. आणि कोणत्याही ऋतूत दिवसा झोपायला हरकत नाही अशांच्या यादीत, ओझी वाहणारे आणि वाट चालून थकलेले यांच्या बरोबरीने, अध्ययनाने शिणलेले लोकही आहेत. मराठवाड्यातला मे महिना आणि त्यात अभ्यासाने शिणलेली पोरं: दोन्ही अपवाद एकाच जागी लागू पडतात. शास्त्राचा दाखला देऊन मुलांना उठवणाऱ्या घरांनी शास्त्र पूर्ण वाचावं.

आता थोडं व्यवहाराचं. झोप किती वेळ, हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत येतो. ऑस्ट्रेलियात ब्रूक्स आणि लॅक यांनी २००६ मध्ये रात्री पाचच तास झोपलेल्या तरुणांवर पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटांच्या झोपा तपासल्या. दहा मिनिटांच्या झोपेनंतर ताजेपणा लगेच आला. तीस मिनिटांच्या झोपेनंतर आधी काही वेळ जडपणा राहिला आणि मग फायदा दिसला. हा जडपणा म्हणजे गाढ झोपेतून अर्धवट उठल्याची गुंगी. पुष्कळ मुलं एकदा दुपारी दीड तास झोपतात, डोकं जड होऊन उठतात आणि ‘दुपारची झोप मला मानवत नाही’ असं ठरवून टाकतात. ताजेपणा हवा असेल तर दहा ते वीस मिनिटं पुरतात. सकाळचा अभ्यास पक्का व्हायला हवा असेल तर अर्धा तास द्यावा आणि उठल्यावर तोंड धुऊन पंधरा-वीस मिनिटं सोपं काम करावं. चारनंतर झोपू नये, रात्रीची झोप लांबते. रात्री दहाचा टपरीवरचा चहाही त्याच कारणासाठी टाळावा. चहातल्या कॅफीनचा निम्मा अंश रक्तातून जायला साधारण पाच तास लागतात.

परीक्षेच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र वेळ बदलावी असं माझं मत आहे. वर्षभर दोन वाजता झोपायची सवय लागलेलं शरीर परीक्षेच्या खोलीतही दोनलाच पेंगणार. म्हणून सराव परीक्षा दोन ते पाच याच वेळेत द्याव्यात आणि डुलकी जेवणाआधी, साडेबाराच्या सुमाराला आटोपावी. दुपारच्या झोपेचा खरा लाभ वर्षभरातल्या शिकण्याला होतो, परीक्षेच्या दिवसाला नव्हे. आणि रात्री पुरेशी झोप होऊनही कुणाला दिवसभर पेंग येत असेल, घोरणं असेल, चेहरा पांढुरका पडला असेल किंवा मन कशातच लागत नसेल, तर तो प्रश्न डुलकीने सुटणारा नाही. रक्तातलं लोह, थायरॉइड, श्वासाचा अडथळा, नैराश्य यांपैकी काहीही असू शकतं. डॉक्टरांना दाखवावं.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. २०१९ मध्ये चीनमधल्या जिनतान इथल्या सुमारे तीन हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून जास्त दिवस दुपारी झोपणारी मुलं अधिक आनंदी आणि अभ्यासात पुढे आढळली. बातम्यांनी लगेच मथळे केले. पण पाहणीत दोन गोष्टी एकत्र दिसणं वेगळं आणि एकीमुळे दुसरी घडणं वेगळं. शांत घर, वेळेवर जेवण, काळजी घेणारी शाळा ज्याला मिळते, त्याला झोपही मिळते आणि गुणही. उलट वृद्धांच्या काही पाहण्यांत लांब दुपारची झोप आजारांसोबत दिसते, तिथे बहुधा आजारच झोपेला कारण असतो. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग या पुस्तकात पुढे ठेवले आहेत आणि पाहण्या मागे.

असे प्रयोग करायला मोठी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. मेंदूच्या लहरी मोजायच्या तर यंत्रं हवीत, पण स्मरण मोजायला प्रश्नपत्रिका पुरते, आणि प्रश्नपत्रिका काढण्यात लातूर-नांदेडच्या प्राध्यापकांचा हात धरणारं कोण आहे? रामानंद तीर्थ विद्यापीठातले मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी, नांदेडच्या शंकरराव चव्हाण आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतले शरीरक्रियाशास्त्राचे विभाग यांनी मनावर घेतलं तर पत्र्याच्या खोलीतली झोप आणि कूलरच्या खोलीतली झोप, बाकावर डोकं टेकून घेतलेली डुलकी आणि सतरंजीवर आडवं होऊन घेतलेली, मुलग्यांची दुपार आणि मुलींची, या सगळ्यांची तुलना इथेच होऊ शकते. परदेशी प्रयोगशाळेतल्या वातानुकूलित खोलीत हे प्रश्न निर्माणच होत नाहीत. विद्यार्थ्यांची आणि पालकांची संमती घ्यावी, त्या चाचणीचे गुण कुठे धरू नयेत, एका आठवड्यात झोपलेला गट पुढच्या आठवड्यात जागा ठेवावा म्हणजे कुणावर अन्याय होत नाही.

अभ्यासिका चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की दीड ते दोन या वेळेत दिवे मंद करावेत, एका कोपऱ्यात सतरंज्या टाकाव्यात आणि भिंतीवरची ती सूचना काढून तिथे उठवायची वेळ लिहावी. पालकांनी दुपारी त्या अर्ध्या तासात फोन करू नये. आणि क्लासमधल्या, कॉलेजातल्या सरांना, मॅडमना एवढंच सांगणं आहे: जूनमध्ये नव्या तुकड्या भरतील, त्यांतल्या एका तरी तुकडीला धड्यानंतर अर्धा तास झोपू द्या, दुसरीला तोच अर्धा तास घोकू द्या, आणि परीक्षा त्याच दिवशी न घेता आठवड्यानंतर घ्या.